पायलीला एक चमचा

देऊळघाटच्या बाजारात त्या दिवशी मिरचीपेक्षा जास्त खपली ती एक बातमी: आमच्या गावच्या बालवाडीत गोजरबाईनं चाळीस लेकरं विष घालून मारली. गावातून निघाली तेव्हा बातमीत चारच लेकरं होती. नाल्यापाशी बारा झाली, आणि बाजारात पोचेपर्यंत पटावरची सगळी संपली. एका म्हाताऱ्यानं तर तिरड्या आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. त्याला मोतीबिंदू होता, पण अशा वेळी कोण विचारतो?

खरं इतकंच, की मेलं कोणीच नव्हतं. चाळीसच्या चाळीस लेकरं धडधाकट होती. त्यातले मुलगे बालवाडीच्या भिंतीशी ओळीनं उभे होते आणि पिवळं मुतत होते. साधं पिवळं नव्हे. हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या अंगावरून ओघळतं तसलं पिवळं. साहेब येणार म्हणून आदल्याच दिवशी भिंतीला चुना मारला होता. नाहीतर दुष्काळातल्या त्या फुफाट्यात कोणाचा कसला रंग, कोणाला दिसला असता? पांढऱ्या भिंतीवर मात्र एकेका पोरानं आपापली रेघ ओढून ठेवली होती, आणि कोणाची रेघ जास्त पिवळी यावर त्यांची भांडणं लागली होती.

हसत होती ती पोरं. मोठ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि सगळ्यांत आधी पळालं ते गोजरबाईच्या. कारण तीन दिवसांपूर्वी पोरांना द्यायच्या सुकडीत नवी पूड घालायला सुरुवात झाली होती, आणि ती पूड घालणारा हात तिचा होता.

गोजरबाई म्हणजे आमच्या निवृत्तीची सासू. जालन्याकडची. निवृत्तीची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मागं राहिली चार वर्षांची पंचफुला. गोजरबाई लेकीच्या तेराव्याला म्हणून आली आणि नातीला सोडून तिला परत जाववेना. आता तिकडची जुनी रीत अशी, की आईनं लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही. लेक राहिली नाही तरी रीत राहिली. राहायचं जावयाच्या घरात, पण चूल वेगळी, पीठ वेगळं, मिठाचा खडासुद्धा वेगळा. निवृत्ती बिचारा तलावाच्या कामावर दिवसभर माती वाहायचा आणि आल्यावर सासूला म्हणायचा, "मामी, एक भाकर माह्या ताटातली खाल्ली तं काय पाप लागते?" ती म्हणायची, "तुमाला न्हाई कळायचं, जावईबापू." म्हणून तर बालवाडीत सुकडी करायचं काम निघालं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. आपलं कमवायचं, आपलं खायचं.

निवृत्तीची सासू म्हणून साऱ्या गावानं तिला ईनबाई, म्हणजे विहीणबाई, करून टाकलं होतं. आणि ईनबाईची थट्टा करायचा हक्क आमच्याकडे शेंबड्या पोरालाही असतो. तिच्या बोलण्याची नक्कल व्हायची, लुगडं नेसायच्या पद्धतीची व्हायची. गोजरबाई ओठ आवळून हसायची. गावच दुसऱ्याचं, तिथं उलटून काय बोलणार?

सुकडीचं भाजलेलं पीठ बोऱ्यांतून यायचं. बोऱ्या ठेवायला सरकारी जागा नव्हती, म्हणून त्या सरपंच शंकररावांच्या माजघरात. तागडी रेशनच्या दुकानात अडकलेली, म्हणून शंकररावांनी ठरवलं, रोज पायलीभर पीठ मोजून द्यायचं. मोजायचं काम त्यांच्या बायकोचं, वच्छलाबाईचं. सकाळी गोजरबाई ओसरीवर घमेलं ठेवायची, वच्छलाबाई ते आत न्यायची आणि पीठ घालून बाहेर आणायची. मग बालवाडीत गूळ, तेल घालून गोजरबाई वड्या थापायची.

पहिल्या दिवसापासून तिला ते घमेलं हलकं लागत होतं. पायलीभर पीठ म्हणजे घमेल्याला कसं काठोकाठ हवं. हे निम्मंच. वड्या लहान व्हायच्या, पोरं वडी संपवून तिच्या हाताकडं बघत राहायची. उरलेलं पीठ कुठं जात असेल हे गोजरबाईनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. पण दोन महिन्यांत त्यावर तिनं तोंड उघडलं नाही.

मग ग्रामसेविका सिंधूताई पुडीचा डबा घेऊन आल्या. शेंदरी झाकेची, औषधाच्या वासाची पूड. पोरांच्या पोटात नुसतं पीठ जाऊन भागत नाही, म्हणाल्या. रक्ताला लागतं ते, डोळ्यांना लागतं ते, सगळं यात आहे. डब्यात पत्र्याचा एक चमचा होता.

"आठ किलो पिठाला हा एक चमचा. सपाट हं, शीग नाही. आणि कढई खाली उतरवल्यावर घालायची, विस्तवावर नाही."

"आठ किलो म्हंजी?" गोजरबाईनं बोटांवर हिशेब केला. तिच्या माहेरची पायली आठ शेरांची. शेर काय आणि किलो काय, उन्नीस-बीस. "म्हंजी पायलीला एक चमचा."

सिंधूताई अमरावतीसारख्या शहरात वाढलेल्या. पायली त्यांनी लग्नात नवरीच्या ओटीशेजारी पाहिली असेल तेवढीच. त्या म्हणाल्या, "हो, तसंच."

गोजरबाईनं चमचा पदराच्या गाठीला बांधला. हरवायला नको.

*

"अवो ईनबाई! काय खाऊ घालून राह्यली तू लेकराईले?"

वच्छलाबाई भिंतीसमोर उभी राहून ओरडली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं होतं. तिचा नातूही ओळीत होता आणि आजीला आपली रेघ बोटानं दाखवत होता.

"म्या काय घातलं? जे सिंधूतायनं दिलं तेच घातलं."

"कावीळ हाये हे! साऱ्या गावाच्या पोट्ट्याईले एका दिवशी कावीळ! असं कधी ऐकलं व्हतं?"

मागून कोणीतरी बाई पुटपुटली, पण पुटपुटली अशी की सगळ्यांना ऐकू जावं, "लेकीले खाल्लं, आता गावाचे लेकरं खाते."

गोजरबाई तिथंच चुलीजवळ बसली. कढईत आजची सुकडी होती; पूड घालायची राहिली होती. तिनं ती कढई दोन्ही हातांनी झाकली, जशी काय ती कढईच कोणी हिसकून नेणार होतं.

शंकरराव आले. माणूस मोठा नव्हे, पण आवाज मोठा. "डबा आना इकडे. कुलूप लावा त्याले. डॉक्टर येईपर्यंत कोनी हात लावाचा नाई. अन् डॉक्टर म्हनले वाईट हाये, तं पुडी बी वापस अन् बोऱ्या बी वापस. आपल्याले नाई पायजे सरकारचं इख."

बुलडाण्याला माणूस धाडला. डॉक्टर उद्या सकाळी येतील, असा निरोप घेऊन तो दुपारी परतला. तोवर गावाकडे शालिग्राम होता. शालिग्राम कावीळ उतरवायचा. काड्यांची माळ करून डोक्यावर ठेवायची. ती हळूहळू वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. एरवी वर्षात चार माळा व्हायच्या. त्या दिवशी चाळीस. दुपारपर्यंत त्याच्या बोटांची सालं निघाली, धागा सरला, शेवटी लुगड्याच्या किनारीचे दोर काढून माळा ओवल्या. चुन्याच्या पाण्यात पोरांचे हात धुतले की पाणी पिवळं निघायचं, आणि प्रत्येक पिवळ्या पाण्यामागे एक आई रडायला लागायची.

पंचफुलाच्याही डोक्यावर माळ ठेवली. ती हलायला घाबरत होती. माळ पडली तर आपण मरू, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. गोजरबाई तिला मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग बघत राहिली. पांढराच दिसत होता. पण ऊन चढलं की पिवळा वाटायचा. सावली आली की परत पांढरा. पुन्हा पिवळा.

आणि पंचफुला कढईची खरवडसुद्धा खायची. सगळ्या लेकरांपेक्षा जास्त तिच्याच पोटात गेलं होतं.

दुपार कलल्यावर गोजरबाई वच्छलाबाईच्या ओसरीवर गेली. नातू कसा आहे ते बघायला. ओसरीवर कोणी नव्हतं. नातू परसात बकरीच्या शेपटीला लोंबकळत होता आणि वच्छलाबाई त्याला धरायला पळत होती. माजघराचं दार उघडं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा गोजरबाईला आतल्या बोऱ्या दिसल्या. बोऱ्यांवर एक लोखंडी माप उपडं ठेवलेलं.

ती दारातच थांबली. मग चोरासारखी आत गेली आणि ते माप उचललं. लहानसं. तिच्या माहेरी एवढ्या मापाला कोणी पायली म्हटलं असतं तर बैलगाडीवाले हसले असते.

"काय पायते वो?" वच्छलाबाई दारात.

"ही... ही काय हाय, बाई?"

"पायली. दिसत नाई का?"

"किती शेरांची?"

"किती शेरांची म्हन्जे? पायली किती शेरांची असते? चार शेरांची. भलतंच इचारते."

गोजरबाईनं माप जिथं होतं तिथं ठेवलं. नेमकं तसंच उपडं. दोन महिने मनात धरलेला एक विचार गळून पडला आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला, दहापट जड. आठ शेरांना एक चमचा घालायचा होता. तिनं चार शेरांना एक घातला होता; पीठ निम्मं दिसत असूनही चमचा टाकताना रोजची पायली म्हणून पुरा टाकला होता. दुप्पट. तीन दिवस दुप्पट. चाळीस पोरांना.

असली चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती. आमच्या गावच्या बाईला आमची पायली ठाऊक, शहरातल्या बाईला किलो ठाऊक. आणि त्या साली पायलीनं मोजावं असं धान्य कोणाच्या घरात होतं? रेशनची तांबडी मिलो ज्वारी मिळायची तीही किलोनं. आठ महिने गावात राहून गोजरबाईनं आमची पायली पाहिली नव्हती, यात तिचा तरी काय दोष? पण हे सगळं आता बसून लिहिताना सुचतं. त्या वेळी तिला एवढंच सुचलं, की चमचा अजून आपल्या पदराला बांधलेला आहे.

ती थेट विहिरीवर गेली. गाठ सोडली. चमचा हातात घेऊन कठड्यावरून हात पुढे केला. विहिरीत पाणी नव्हतंच. तळाला दोन ओंजळी झिरपा होता, आणि तिथं उतरून एक बाई वाटीवाटीनं घागर भरत होती.

"कोन हाये वर?" तळातून आवाज आला. "खडा नका पाडू बापा, गढूळ व्हते!"

गोजरबाईनं हात मागे घेतला. पाण्यानं भरलेली विहीर असती तर चमचा गेला असता आणि ही गोष्टही. कोरड्या विहिरीनं तिला तेवढी सोय ठेवली नाही.

मग तिनं एक भलताच उद्योग केला. चूल पेटलेली असताना घरोघरी विस्तव मागत फिरली. या घरी गेली, पोराकडं नीट पाहिलं, शेणीवर निखारा घेतला. त्या घरी गेली, पोरगं झोपलेलं दिसलं; जवळ जाऊन त्याच्या नाकापुढं हात धरला. श्वास लागला तेव्हा निखारा घेतला. पाचव्या घरची बाई म्हणाली, "काय वो ईनबाई, गाव पेटवतं का आज?" आणि मग आपणच बोललेल्या शब्दानं दचकून तिनं दार लावून घेतलं.

त्या आवाजानं गोजरबाई भानावर आली. कोणाला काही झालेलं नव्हतं. अजून. पण इख चढायला किती वेळ लागतो, हे तिला कुठं ठाऊक होतं?

बोलावं तर काय होईल, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. वच्छलाबाई केस धरून ओढेल. शंकरराव गाडीत घालून जालन्याच्या रस्त्याला लावतील. निवृत्तीला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि पंचफुला इथंच राहील, बापाकडं. बाप दिवसभर तलावावर, आणि तिन्हीसांजा झाल्या की पोरगी एकटी.

कारण पंचफुलाला तिन्हीसांजेला दिसत नसे. दिवस मावळला की ती भिंत धरून बसायची. कोंबड्या खुराड्यात जातात तशी. पाणी हवं असलं तरी उठायची नाही; "आज्जे" म्हणून हाक मारायची आणि हात पुढे करून वाट बघायची. दुष्काळ पडल्यापासून हे सुरू झालं होतं, आणि गावात तशी आणखी पाच-सहा पोरं होती. मोठी होतील तशी सुधारतील, असं म्हणून सगळे गप्प बसले होते.

न बोलावं, तर डॉक्टर येतील, कावीळ समजतील, काविळीचं औषध देतील आणि जातील. पोटात काय गेलंय ते कोणाला कळणारच नाही. म्हणजे बोललं तर आपण जाणार, न बोललं तर लेकरं.

सूर्य मावळला. दिवा लावायला तिच्यानं उठवेना. पंचफुला रोजच्या जागी, भिंतीला टेकून, माळ डोक्यावर सांभाळत बसली होती. गोजरबाई उंबऱ्यात बसून रडायला लागली. आवाज न करता. नातीला काही दिसत नाही, मग लपवायचं कशाला?

"आज्जे."

"काय ग?"

"रडू नको ना."

गोजरबाईचा हात गालावरच थांबला. "तुला कुनी सांगितलं म्या रडते?"

"दिसून राह्यलं ना. नाक पुसलं तू. पदरानं."

गोजरबाई उठली नाही. हलली नाही. नुसता हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. अंगणात उजेड असा की माणूस ओळखावा तो चालण्यावरून.

"किती?"

"दोन." आणि पोरीनं हसून डोकं हलवलं, माळ घरंगळून खांद्यावर आली, आणि ती किंचाळली, "आज्जे, माळ पडली! मी मरते!"

गोजरबाईनं तिला उराशी धरलं. कित्येक महिन्यांनी पोरीला तिन्हीसांजेला दिसलं होतं, ते या पुडीनं. तीन दिवसांच्या पुडीनं. आनंद व्हावा, तर अंगावर काटा आला. जी वस्तू तीन दिवसांत आंधळ्याला डोळे देते ती काय साधी असेल? आणि ती आपण दुप्पट घातली.

तिनं गाठीतला चमचा चाचपला. उद्या बोऱ्या परत गेल्या तर डबाही जाईल, आणि पंचफुला पुन्हा भिंतीला टेकेल. तीच नाही, ती पाच-सहा पोरंही.

*

डॉक्टर आणि सिंधूताई सकाळी जीपनं आले. पोरं माळा घालून ओळीनं बसवली होती. लांबून लग्नातली वऱ्हाडी मंडळी वाटावी. डॉक्टरांनी एकेकाचा डोळा खाली ओढून बघितला, पोट दाबलं, जीभ बघितली.

"पूड कशी घातली?" त्यांनी विचारलं.

सिंधूताईंच्याही नोकरीचा प्रश्न होता. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "मापात. मी स्वतः दाखवली होती. सगळं मापात घातलं आहे."

झालं होतं. कोणी पुढं काही विचारणार नव्हतं. शंकररावांनीही मान डोलावली. गोजरबाई सगळ्यांच्या मागे, पंचफुलाचा हात धरून उभी होती. तिला वाटलं, आपले पाय चालतात का बघू. चालले. ती पुढं आली आणि पदराची गाठ सोडून चमचा डॉक्टरांपुढं धरला.

"मापात न्हाई, सायेब."

"काय?"

"दुप्पट पडली. तीन दिस. म्या पायली आमच्याकडची धरली, आठ शेरांची. हितली चार शेरांची निघाली. काल कळलं मला. काल दुपारी कळलं आन् म्या काल सांगितलं न्हाई."

मग वच्छलाबाईनं हंबरडा फोडला आणि ती पुढं झेपावली. "मारलं वं हिनं! माह्या नातवाले मारलं!" निवृत्ती मध्ये आला म्हणून, नाहीतर गोजरबाईचा अंबाडा तिच्या मुठीत होता. शंकरराव ओरडले, शालिग्राम ओरडला, त्यात एक पोर रडलं आणि मग सगळी पोरं रडायला लागली.

"गप्प!" डॉक्टर ओरडले. त्यांचा आवाज शंकररावांपेक्षा मोठा निघाला, हेही त्या दिवशीचं एक नवलच. "कोणी मेलेलं नाही आणि कोणी मरत नाही. पाणी आणा एक गडू."

कुलूप उघडून डबा आणला. डॉक्टरांनी चिमूटभर पूड पाण्यात सोडली. गडू उन्हात धरला. पाणी हळदीसारखं पिवळं.

"ही कावीळ नाही. डोळे सगळ्यांचे स्वच्छ आहेत. या पुडीत एक जीवनसत्त्व असं आहे की त्याचा रंगच पिवळा. अंगाला हवं तेवढं अंग घेतं, उरलेलं लघवीवाटे टाकून देतं. उद्या तुम्ही खा, तुम्हीही पिवळं कराल."

गर्दीत एकदम कुजबुज झाली. कोणीतरी हसलंसुद्धा. पण डॉक्टर हसले नाहीत. ते गोजरबाईकडे वळले, आणि त्यांनी आवाज खाली घेतला म्हणून ती जास्तच घाबरली.

"बाई, पण तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. यातलं डोळ्यांसाठी असतं ते अंग बाहेर टाकत नाही. ते आत साठतं. तीन दिवसांत काही बिघडत नाही. असंच दुप्पट सहा महिने चाललं असतं, तर पोरं खरोखरच आजारी पडली असती. आणि मग ही पूड या तालुक्यात कोणी पुन्हा हातात धरली नसती."

गोजरबाईनं मान हलवली. तिला त्यातलं अर्धं कळलं असेल. एवढंच विचारलं, "मग बोऱ्या माघारी न्हाई ना जात?"

"अजिबात नाही. तागडी आणा. मोजून घाला."

"माझ्या नातीला काल सांजला दिसलं, सायेब."

डॉक्टर खाली वाकले आणि पंचफुलाचे डोळे त्यांनी पुन्हा, या वेळी जरा जास्त वेळ बघितले.

शंकररावांचा मात्र विश्वास बसेना. सरपंच म्हणून त्यांनी सगळ्या गावादेखत ते गडूतलं पाणी पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टमरेल घेऊन शेताकडे निघाले तेव्हा सोळा माणसं अंतर राखून त्यांच्यामागे होती. परत आले ते मिशांना पीळ देत. त्याच दुपारी रेशनच्या दुकानातून तागडी उचलून आणली. शालिग्राम आजही सांगतो की कावीळ होती, आणि उतरली ती माळांनी.

चारेक दिवसांनी घमेलं भरून, किलोनं मोजून पीठ मिळालं. वच्छलाबाई स्वतः ते ओसरीपर्यंत घेऊन आली. अंबाड्याची गोष्ट तिच्या मनात होती, पण सरपंचाच्या बायकोनं ती बोलून कशी दाखवावी? म्हणून तिनं भांडणाचाच सूर लावला.

"काय वो ईनबाई, दोन महिने पीठ अर्धं दिसे तुले, तं तोंड काऊन नाई उघडलं? एका शब्दानं इचारलं असतं, तं मी पायली नसती दाखवली का?"

गोजरबाईनं घमेलं डोक्यावर घेतलं, चुंबळ नीट केली आणि म्हणाली,

"पायली लहान असंल हे माझ्या डोक्यातच न्हाई आलं, बाई. मला वाटलं, अर्धं पीठ तुमी चोरता."